डोह बंद ठेवला ती वर्षं

लग्न होऊन मी पैनगंगेच्या काठी आले तेव्हा नदीच्या दोन काठांना दोन राज्यं होती. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, म्हणजे त्या वेळच्या नागपूरच्या राज्यातलं. समोरचं गाव हैद्राबादच्या राज्यातलं. तिथल्या चुलींचा धूर आमच्या अंगणात यायचा, तिथला कोंबडा आरवला की आम्ही उठायचो, पण राज्य वेगळं. मधे नदी आणि नदीवर आमची नाव. सासरे गेल्यावर ती माझे मालक चालवत.

माझं माहेर आर्णीकडचं, अरुणावतीच्या काठच्या भोयांचं. त्यामुळे पाण्याचं आणि माशांचं मला काही नवं नव्हतं. सासरी नवं होतं ते एकच. गावाच्या थोडं वर नदीच्या पात्रात काळ्या खडकाची एक पाळ या काठापासून त्या काठापर्यंत आडवी गेली आहे. पावसाळ्यात पाणी तिच्यावरून कोसळतं. तिच्या खाली मोठा डोह आहे, भर उन्हाळ्यातही न आटणारा. सासू सांगायची, या डोहात खडस असायचे. सोनेरी खवल्यांचा, जाड ओठांचा, तोंडाशी मिशा असलेला मासा. मोठा झाला की माणसाच्या मांडीएवढा. पुराच्या दिवसांत तो उलट्या पाण्यात झेप घेऊन पाळ चढायचा आणि वरच्या गोट्यांत अंडी घालायचा. सासू हे सांगायला लागली की तिच्या हातातली भाकर थापायची राहून जायची.

मी विचारलं, "मंग आता कुठं गेले?"

"सुरुंगानं गेले," ती म्हणाली.

विहिरी खोदायला लोक सुरुंगाची दारू आणत आणि त्यातली थोडी मागं ठेवत. कोणाकडे पाहुणे आले, कोणाकडे लग्न निघालं की एक कांडी डोहात. पहिल्या उन्हाळ्यात मी स्वतः एकदा पाहिलं. मी धुणं धूत होते. पायाखालचा दगड हलला, पाणी मधेच फुगून वर आलं आणि खाली बसलं. मग सगळ्या डोहावर पांढरी पोटं तरंगायला लागली. टाकणाऱ्यांनी मोठे मासे वेचले आणि निघून गेले. बोटाएवढी पिल्लं तशीच राहिली. जे बुडाले ते पुढं कुजून वर आले आणि कित्येक दिवस आम्हाला डोहाचं पाणी पिववेना. त्या ढिगातही एकसुद्धा खडस नव्हता.

तक्रार करून उपयोग नसे. आमच्या बाजूचा हवालदार म्हणे, सुरुंग पलीकडून टाकला, ते राज्य माझं नाही. पलीकडचा म्हणे, इकडून टाकला. टाकणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक होतं. इकडचे तिकडच्या काठावर जाऊन टाकत आणि तिकडचे इकडच्या.

मग छप्पन्न साल आलं. त्या दसऱ्याच्या आधी पलीकडच्या गावातली माणसं पांढरे कपडे घालून आमच्या नावेत बसली. नागपूरला दीक्षा घ्यायला निघाली होती. त्यांच्यात माझ्याच वयाची एक बाई होती. तिचं लुगडं नवं नव्हतं, पण धुऊन धुऊन पांढरं केलेलं होतं. जाताना ती सगळी माणसं नेहमीच्या रिवाजानं नावेच्या शेवटाला, ओल्या फळीवर बसली. परत आली तेव्हा ती बाई सरळ मधल्या फळीवर येऊन बसली. दोन-तीन उतारूंनी माझ्या मालकांकडे पाहिलं. मालकांनी बांबू रोवला आणि नाव ढकलली. त्या दिवसापासून आमच्या नावेत ज्याला जिथं जागा मिळेल तिथं तो बसू लागला.

त्यानंतर ऐन दिवाळीत दोन्ही काठ एका राज्यात आले. आमच्यावर नागपूरचं राज्य राहिलं नाही, त्यांच्यावर हैद्राबादचं राहिलं नाही. दोघंही मुंबईच्या राज्यात. गावात कोणाला त्याचं फार काही वाटलं नाही. वाटलं ते जमादारचाचांना.

जमादारचाचा पलीकडच्या गावचे. निजामाच्या वेळी पोलिसात होते, आता घरी बसून बकऱ्या पाळत. दाढी पांढरी, पाठ मात्र अजून ताठ. त्या दिवाळीत ते आमच्या नावेत बसले आणि मधधारेत आल्यावर माझ्या मालकांना म्हणाले, "अरे, आता हा डोह कोणाचा?"

"कोनाचा म्हंजे?"

"इतकी सालं कोणाचाच नव्हता. म्हणून तर लुटला गेला. आता एकच सरकार, एकच कायदा. दोन गावांनी ठरवलं तर कोण टाकतो सुरुंग, बघू."

मालकांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सासू चुलीपुढून म्हणाली, "त मंग ठरवा ना. कायची वाट पाहून राह्यले?"

ठरवायला दोन्ही गावं नदीच्या मधल्या रेतीवर जमली. कोणाच्याच काठावर नको म्हणून ती जागा. पुरुष पुढं बसले, आम्ही बाया मागं उभ्या. चाचांनी मांडलं की पाळीपासून खालच्या उतारापर्यंत डोह बंद ठेवायचा. सुरुंग नाही, जाळं नाही, गळ नाही. खडस परत येईपर्यंत.

सगळ्यात आधी आमचेच लोक उठले. माझा चुलतदीर म्हणाला, "डोह बंद केला त आमी जाळं काय आभाळात टाकावं?"

"उताराच्या खाली टाक," मालक म्हणाले. "तिथं कोन अडवलं तुले?"

"आनि खडस आलेच नाई त? पानी पाहून पोट भरन काय?"

बराच वेळ वाद चालला. शेवटी पलीकडच्या पाटलांनी मुद्द्याचं विचारलं. मासे वाढताहेत की नाही हे कळायचं कसं? एक गाव म्हणेल वाढले, दुसरं म्हणेल नाही, आणि पुन्हा सुरुंग सुरू होतील. मग ठरलं की पाणी निवळलं की दर महिन्याला मोजायचे. दोन्ही काठांचा एकेक माणूस, दोघांनी मिळून. पलीकडून चाचा तयार झाले. आमच्याकडून कोण, म्हणून लोक एकमेकांकडे पाहायला लागले. मालकांना नाव सोडून जमणार नव्हतं.

सासू मागून म्हणाली, "माही सून मोजीन. तिची नजर घारीची हाये."

मला कोणी विचारलं नव्हतं. पण मला नाही म्हणावंसंही वाटलं नाही.

चाचांना ते फारसं पटलं नसावं. पहिल्या दिवशी पाळीवर भेटलो तेव्हा ते म्हणाले, "बेटी, मी जन्मभर शिपायांची हजेरी घेतली आहे. मासे मोजणं कौनसी बडी बात. तू फक्त बघत राहा."

दुपारी ऊन थेट पाण्यात उतरतं तेव्हा पाळीवरून डोहाचा तळ दिसतो. मी घरून ज्वारीच्या लाह्या नेल्या होत्या. मूठभर टाकल्या. खालून सावल्या वर आल्या. चाचा चष्मा पुसत मोजत होते. ते म्हणाले, अकरा खडस. मी म्हणाले, दोन.

"दोन? तुझी नजर घारीची म्हणे."

"चाचा, बाकीच्या सावल्या हायेत. आनि ते तिकडले शिंगटे, तळाशी बसनारे. खडस असता त लाहीसाठी वरते आला असता."

त्यांना राग आला. पण पोलिसातला माणूस, पुरावा पाहिल्याशिवाय राहीना. पुन्हा लाह्या टाकायला लावल्या. या वेळी ते पोटावर आडवे झाले आणि खडकावरून डोकं खाली घालून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. उठून दाढीतली माती झटकत म्हणाले, "दोन."

तेव्हाच आमचा नियम ठरला. दोघांनी एकमेकांना न सांगता मोजायचं, तीनदा मोजायचं आणि त्यातला सर्वांत लहान आकडा गावाला सांगायचा. चाचांचं म्हणणं, कमी सांगून कोणाचं नुकसान होत नाही, जास्त सांगितलं आणि खोटं निघालं तर डोह गेला.

दोन खडस. साऱ्या डोहात इतकेच उरले होते. एक हातभर लांबीचा आणि दुसरा त्याहून जरा लहान. कपारीतून ते जोडीनं यायचे, लाह्या खायचे आणि जोडीनं परत जायचे. मी घरी येऊन सासूला सांगितलं. तिनं पदर डोळ्यांना लावला. तोवर तिला वाटत होतं की एकही उरला नसेल.

पुढचं वर्ष तसंच गेलं, त्याच्या पुढचंही. आकडा दोनाचा तीन झाला आणि पुन्हा दोन झाला. घाटावर माझी थट्टा व्हायची. लग्नाला काही वर्षं होऊन माझी कूस उजवली नव्हती. पाणी भरताना एक जाऊ मोठ्यानं म्हणाली, "मासे मोजून राह्यली बाई. पोरं कधी मोजीन?" मी घागर भरली आणि घरी आले. त्या महिन्यात मोजायला जायचं माझ्या मनात नव्हतं. चाचा नावेनं आमच्या काठाला आले, दारात उभे राहिले.

"चल."

"काय चल, चाचा. दोनच तर हायेत. तुमी पाहून घ्या."

"मी एकटा गेलो तर अकरा दिसतील मला," ते म्हणाले. मला हसू आलं आणि मी लाह्यांची टोपली घेतली.

तिसऱ्या वर्षी पाऊस चांगला झाला. पूर ओसरल्यावर मी पाळीच्या वरच्या अंगाला गेले होते. तिथं घोट्याइतकं पाणी गोट्यांवरून खळखळत असतं. त्या पाण्यात बोटाच्या पेराएवढी पिल्लं होती. एक-दोन थवे नव्हेत, काठाकाठानं चमचमणारी रांगच लागली होती. मी धावत नावेपाशी गेले आणि चाचांना घेऊन आले. ते वाकून पाहत राहिले.

"खडसची आहेत?"

मला सांगता येईना. एवढी लहान पिल्लं सगळी सारखीच दिसतात. गावात कोणी म्हणालं खडस, कोणी म्हणालं साधी कोळशी मासळी. माझा चुलतदीर तर म्हणाला की मी दोन वर्षं रिकामी बसले म्हणून आता काहीही दाखवून राहिले.

मी ओंजळभर पिल्लं घागरीत घेतली आणि घरच्या रांजणात सोडली. रोज नदीचं ताजं पाणी घालायचं, जुनं काढायचं, ज्वारीचा भिजवलेला चुरा टाकायचा. सासूनं तो रांजण परसात सावलीला हलवून घेतला आणि वर जाळीचं टोपलं पालथं घातलं, मांजरासाठी. काही पिल्लं मेली. उरलेली दिवाळीपर्यंत करंगळीपेक्षा लांब झाली. एका सकाळी सासूनं एक पिल्लू पाण्यासकट वाटीत घेतलं आणि उन्हात धरलं. ओठ जाड होऊ लागले होते. तोंडाशी केसाएवढ्या मिशा फुटल्या होत्या. अंगावर खवला खवला वेगळा दिसत होता आणि प्रत्येकावर पिवळी झाक होती.

"खडसच हाये," ती म्हणाली. "लहानपनी हेच पकडत होतो आमी."

त्या दिवशी रांजण आमच्या परसातून हलला आणि नावेत चढला. चाचांनी दोन्ही गावांना बोलावलं होतं. लोक एकेक करून रांजणात डोकावत होते. चुलतदीर शेवटी आला. बघितलं, पुन्हा बघितलं. मग त्यानंच रांजण उचलला, डोहाच्या उथळ कडेला नेला आणि हळूच कलता केला.

आता आकडा वाढू लागला. हिवाळ्यात लाह्या टाकल्या की हाताएवढे, वीतभर, बोटभर असे सगळ्या मापांचे खडस वर यायचे. आम्हाला माप धरूनही मोजावं लागायचं. चाचांनी मोठ्यांसाठी चिंचोके आणि लहानांसाठी गुंजा आणल्या होत्या. एक मासा, एक दाणा. मोजून झालं की दोन्हींचे ढीग खडकावर मांडायचे.

त्याच सुमारास आमच्या बाजूला सडकेचं काम निघालं. खडीसाठी काठावरचा दगड फोडत होते. पलीकडच्या गावची ती दीक्षा घेतलेली बाई तिथं खडी फोडायला यायची. सकाळी आमच्या नावेनं यायची, संध्याकाळी जायची. आमचं बोलणं होऊ लागलं होतं. तिचा नवरा नागपूरला गिरणीत होता, दोन मुलं आईकडे ठेवून ती कामाला येई. बोलायला फटकळ, आणि हातोडा असा चालवायची की पुरुष बाजूला सरत.

एका बाजारच्या दिवशी सकाळीच ती कामावरून उलट पावली नावेपाशी आली. धापा टाकत होती.

"बाई, तुह्ये मासे गेले समज," ती मला म्हणाली. "मुकादमाच्या घरी दुपारी पाहुने येनार हायेत. तो दारू घेऊन डोहावर चालला. मी कानानं ऐकलं."

मालक नाव सोडण्याच्या बेतात होते. नाव बाजाराच्या माणसांनी भरलेली होती. मिरच्यांची पोती, दोन बकऱ्या, एक नवीन नवरी, तिचे सासरे, म्हाताऱ्या बाया. मी मालकांना सांगितलं. त्यांनी क्षणभर पाण्याकडे पाहिलं. मग उतारूंकडे वळून म्हणाले, "बाप्पा हो, जरा उशीर होईन. कोनाले उतरायचं असन त आताच उतरा."

"कायचा उशीर?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"डोहात जाऊन बसू. नाव वर असन त सुरुंग टाकता येनार नाई."

मी मनात म्हटलं, आता नाव रिकामी होणार. एक माणूस उतरला, घाईत होता बिचारा. बाकी कोणी हललं नाही. त्यांतल्या बहुतेकांनी रांजणातली पिल्लं पाहिली होती. खडी फोडणारी बाई हातातली टोपली काठावर टाकून नावेत चढली. मीही चढले.

मालकांनी नाव वर नेली आणि पाळीखाली डोहाच्या मधोमध उभी केली. थोड्याच वेळात मुकादम तीन माणसांना घेऊन खडकावर आला. बाहेरगावचा माणूस, डोक्याला रुमाल बांधलेला. हातात कापडात गुंडाळलेली कांडी.

"ए नाववाल्या, नाव काढ."

"निघत नाई," मालक म्हणाले.

"काहून निघत नाई?"

"गाळात फसली."

पुऱ्या पैनगंगेत सर्वांत खोल ती जागा. नावेतली नवरी फिसकन हसली आणि तिच्यामागं सगळी नाव हसू लागली. मुकादमाचा एक माणूसही हसला, मग त्यानं तोंड फिरवलं.

मुकादमाला खडी फोडणारी बाई दिसली. "तू तिथं काय करून राह्यली? उद्यापासून कामावर येऊ नको."

"नाई येत," ती म्हणाली. "तुमच्या कामाले बाया भेटतीन. मले बी कामं भेटतीन."

आम्ही बसून राहिलो. ऊन चढलं. कोणीतरी बाजारासाठी आणलेले फुटाणे सोडले आणि नावभर वाटले. म्हाताऱ्यानं बकरीला पाणी पाजलं. एक मूल रडायला लागलं तर त्या नव्या नवरीनं त्याला मांडीवर घेऊन थोपटलं. दोन्ही काठांवर माणसं गोळा होऊ लागली. नाव येत नाही म्हणून पाहायला आलेली, आणि मग बसलेली. पलीकडच्या काठावर चाचा दिसले. त्यांनी हाक मारून आमच्या काठावरच्या एका पोराला सायकलवर ठाण्याकडे पिटाळलं हे आम्ही लांबूनच पाहिलं. मुकादम खडकावर उभा होता, मग बसला, मग पुन्हा उभा राहिला. त्याचे पाहुणे आले असतील तर भाजी-भाकरीच जेवले असतील.

उन्हं कलायला लागली तेव्हा आमच्या ठाण्याचा हवालदार आला. मुकादम त्याच्याकडे धावला आणि म्हणाला, "साहेब, हा डोह पलीकडला आहे. तुमच्या हद्दीत येत नाही." कोणीतरी त्याला जुनी युक्ती शिकवून ठेवली असणार.

हवालदारानं नावेकडे पाहिलं, दोन्ही काठांवरच्या माणसांकडे पाहिलं. मग हात पुढं केला. "आता पलीकडलं काही राह्यलं नाई. आना ते इकडे."

मुकादमानं कांडी दिली. दोन्ही काठांवरून एक गलका उठला. मी तसा आवाज नदीवर कधी ऐकला नव्हता. बाजार तर बुडाला होता. तरी माणसं काठावर उतरताना मालकांच्या पाठीवर थाप मारून जात होती, जणू त्यांनी कुस्ती मारली होती.

खडी फोडणाऱ्या बाईचं काम गेलं. चार दिवसांनी ती तुरीच्या कापणीला लागली. पुढच्या मोजणीच्या दिवशी मी आणि चाचा पाळीवर बसलो होतो, तर ती आली. पाळीचा तो वरचा घाट असा होता की तिच्या लोकांना पूर्वी तिथं पाय ठेवू देत नसत. तिनं आम्हालाही विचारलं नाही. खडकावर आमच्या मधे बसली आणि लाह्यांच्या टोपलीत हात घातला. काठावरून कोणीतरी काहीतरी पुटपुटलं. चाचांनी मान वर न करता म्हटलं, "गिनती चालू आहे, आवाज करू नका." त्यानंतर आम्ही तिघं मोजू लागलो.

त्या वर्षी मला मुलगी झाली. बाळंतपणात दोन मोजण्या माझ्याविना झाल्या. ती बाई दारात येऊन आकडा सांगून जायची आणि बाळाला मांडीवर घेऊन बसायची. सासूला आधी ते जड गेलं. मग एकदा बाळाला पोटदुखी झाली, तर हिनं तव्यावर कापड गरम करून पोट शेकलं आणि ते निजलं. त्यानंतर सासूच तिची वाट पाहू लागली.

साठ साल उलटून गेल्यानंतरची एक मोजणी मला सर्वांत जास्त आठवते. माघातली दुपार होती. पाणी काचेसारखं. मी पहिली मूठ टाकली. आधी चार आले, मग दहा, मग डोहाचा तळच हलल्यासारखा झाला. खालून सोनेरी पाठी वर येत होत्या, एकावर एक, एकाखालून दुसरी. मोठ्यांचे ओठ पाण्याबाहेर येऊन लाह्या ओढून घेत होते. मी मोजायला लागले, चुकले, पुन्हा लागले. चाचांच्या हातातले चिंचोके संपले. त्या बाईनं गुंजांची पुरचुंडीच खाली ठेवली.

"किती झाले?" चाचांनी मला विचारलं.

"मी चुकली."

"तू?" त्यांनी तिला विचारलं.

"मी त कधीचीच चुकली. तुमचे किती?"

चाचा ताठ बसले होते. त्यांनी चष्मा काढला. "माझीही हजेरी चुकली," ते म्हणाले आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आम्ही तिघं त्या खडकावर वेड्यासारखे हसत होतो. त्या दिवशी आम्ही दोन्ही गावांना आकडा सांगितला नाही. सांगितलं, स्वतः येऊन पाहा. आणि लोक आले. संध्याकाळपर्यंत येत होते. ज्या जावेनं मला बोल लावला होता तीही आली, माझ्या मुलीला कडेवर घेऊन. तिनं लाह्या टाकल्या आणि तोंडाला पदर लावून पाहत राहिली.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात सासूला मी पाळीजवळ काठावर नेलं. तिचे गुडघे गेले होते, मालकांनी तिला पाठीवर घेतलं. पूर मधल्या उंचीवर होता. फेसाळ पाण्यातून एक खडस उसळला, पाळीवर आपटला, खाली गेला. पुन्हा उसळला आणि या वेळी वर पोचला. मग दुसरा. मग लागोपाठ. दोन्ही काठांवर छत्र्या आणि घोंगड्या घेऊन माणसं उभी होती. एकेक मासा चढला की "गेला, गेला" असं म्हणत होती. सासू पावसात भिजत होती, तिला घरी चल म्हटलं तर ऐकेना.

दोन्ही गावं पुन्हा मधल्या रेतीवर बसली. डोह बंदच ठेवायचा, हे या वेळी बोलायलाही लागलं नाही. उताराच्या खाली मात्र आता जाळ्यात खडस सापडत होते. तेवढे धरायचे, आणि हातापेक्षा लहान असेल तर सोडून द्यायचा, असं ठरलं. ते मांडलं माझ्या चुलतदिरानं. या वेळी मी मागं उभी नव्हते. चाचांनी मला आणि त्या बाईला पुढं बसवलं होतं, कारण लोक आम्हालाच विचारत होते.

नंतरच्या उन्हाळ्यात वरच्या अंगाच्या एका गावाची माणसं बैलगाडी घेऊन आमच्या दारात आली. त्यांच्या डोहात बऱ्याच वर्षांनी खडस दिसला होता. तो आमचाच वर चढून गेलेला, हे त्यांना माहीत होतं. तो टिकावा कसा, हे विचारायला आली होती. मालक म्हणाले, "मले काय इचारता? तिले इचारा."

आम्ही तिघं त्यांच्या गाडीत बसून गेलो. चाचा पुढं, गाडीवानाशी कापसाच्या पिकाबद्दल बोलत होते. आम्ही दोघी मागं, मधे माझी मुलगी. त्या गावात झाडाखाली पुरुष जमले होते. मी आयुष्यात एवढ्या परक्या माणसांपुढं कधी उभी राहिले नव्हते. पदर घट्ट धरला आणि सुरुवात कशी करायची ते सुचेना. मग एका म्हाताऱ्यानंच विचारलं, "बाई, मासे पानी सोडून कुठं जात नाईत, हे खरं. पन लोकाईले थांबवता कसं?"

मी त्यांना आमच्या डोहाचं सगळं सांगितलं. दोन खडसांपासून सांगितलं. नाव डोहात उभी केली तिथवर आले तेव्हा मागच्या रांगेतल्या बायाही पुढं सरकल्या होत्या. बोलून झाल्यावर त्यांनी आम्हाला जेवायला बसवलं, आणि जेवण झाल्याबरोबर त्यांच्यातल्या दोघी बाया लाह्या घेऊन आमच्यासोबत आपल्या डोहाकडे निघाल्या.